नागपुरात व्हिक्टोरिया लिली: ओल्या बीपासून ओल्या बीपर्यंत

व्हिक्टोरियाचं, म्हणजे परातीसारख्या प्रचंड पानांच्या वॉटर लिलीचं, बी घ्यायला निघाला असाल तर आधी एकच गोष्ट बघा, ते पाण्यात ठेवलंय का. कागदी पाकिटातलं, प्लास्टिकच्या पुडीतलं कोरडं बी फुकट मिळालं तरी घेऊ नका. या झाडाचं बी सुकलं की मेलं, मग त्याला कितीही भिजवा. नव्या माणसाचा उत्साह बहुतेक वेळा इथेच मोडतो. महिनाभर तो भांड्यातलं पाणी बदलत बसतो आणि शेवटी आपल्यालाच जमलं नाही असं समजून सोडून देतो. खरं म्हणजे त्याच्या हातात पडलेलं बी आधीच गेलेलं असतं.

हा गोंधळ कमळामुळे होतो. कमळाचं बी टणक कवचात वर्षानुवर्षं कोरडं टिकतं, कानशीने घासून पाण्यात टाकलं की चार-पाच दिवसांत कोंब दिसतो. व्हिक्टोरिया मात्र कमळाच्या कुळातली नाही, ती आपल्या तळ्यातल्या पोयणीच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या कुळातली. तिचं बी आईच्या फळातून थेट पाण्यात पडतं आणि उगवेपर्यंत पाण्यातच राहतं.

विलायतेतल्या माळ्यांनाही हे सहज कळलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेतून बिया नेण्याचे त्यांचे बरेच प्रयत्न फसले. १८४६ साली ओल्या चिकणमातीत घालून आणलेल्या बियांपैकी लंडनच्या क्यू उद्यानात मोजक्याच उगवल्या, आणि ती रोपं हिवाळा काढू शकली नाहीत. १८४९च्या सुरुवातीला ब्रिटिश गयानातून स्वच्छ पाण्याने भरलेल्या बाटल्यांत बिया आल्या, त्या भराभर उगवल्या. त्यातलंच एक रोप जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने इंग्लंडमधल्याच आपल्या चॅट्सवर्थच्या बागेत नेलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे फूल आलं. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांत शिंगाडा लावणाऱ्या ढीवर बांधवांना हे कुणी सांगावं लागत नाही. शिंगाड्याचं बियाणं ते ओलंच सांभाळतात, कारण तेही सुकलं की कामातून जातं.

कोणती जात घ्यायची

जाती तीन. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली अ‍ॅमेझॉनिका, पराग्वे-पराना नद्यांकडची क्रुझियाना, आणि २०२२ साली वेगळी जात म्हणून जाहीर झालेली बोलिव्हियाना. तिसरीची पानं तीन मीटरच्याही पुढे जातात, पण आपल्याला तिचा विचार करायचं कारण नाही. अमेरिकेतल्या लाँगवुड गार्डन्सने १९६१ साली पहिल्या दोघींचा संकर केला. तो जोमदार आहे, पण त्याच्या बियांतून आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते.

नागपुरात पहिल्यांदा लावणाऱ्याने क्रुझियानाच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅमेझॉनिकाला उगवायलाच ३० अंशांच्या आसपास पाणी लागतं आणि पुढेही गारवा अजिबात खपत नाही. क्रुझियाना २२ ते २५ अंशांतही उगवते, म्हणजे फेब्रुवारीतल्या आपल्या घरात, खिडकीपाशी, फारशा सरंजामाशिवाय काम होतं. बी देणाऱ्याला जात ठाऊक नसेल तर त्याच्याकडच्या फुलाचा फोटो मागा. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांवर टोकापर्यंत काटे असतील तर अ‍ॅमेझॉनिका. काटे फक्त बुडाशी आणि वरचा भाग गुळगुळीत असेल तर क्रुझियाना.

नागपूरचं वेळापत्रक

आपल्याकडे ही लिली वर्षभराचीच धरून चाला. मूळ प्रदेशात ती जास्त जगते, पण नागपूरची थंडी तिला काढवत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो. २९ डिसेंबर २०१८ला तर तो ३.५ अंशांवर उतरला होता. उघड्या हौदातलं पाणी त्या दिवसांत इतकं गार पडतं की पानं काळवंडतात आणि गाभा सडतो. म्हणून सगळा हिशोब बीपासून बीपर्यंतचा ठेवायचा.

थंडी महाशिवरात्रीला 'शिव शिव' म्हणत जाते असं आपण म्हणतो. बी भिजवायला काढायचा मुहूर्त साधारण त्याच सुमाराचा, फेब्रुवारीचा मध्य. मार्चमध्ये रोप लहान कुंडीत, एप्रिलच्या मध्यापर्यंत हौदात. मेच्या अखेरीस नवतपा सुरू होईल तेव्हा झाड आपल्या पानांनी थोडं तरी पाणी झाकत असलं पाहिजे. पावसाळा लागला की ते खरं फोफावतं, आणि जुलै-ऑगस्टपासून फुलं येतात. एप्रिल उलटून गेल्यावर बी काढलंत तर कोवळं रोप ऐन उन्हाच्या तोंडी जाईल, आणि पुढे फळ पिकायच्या आत थंडी येऊन उभी राहील. उशीर झालाच असेल तर बी पाण्यातच ठेवून पुढच्या वर्षाची वाट बघितलेली बरी.

हौद आधी, बी नंतर

बी भिजवण्याआधी जागा तयार हवी, कारण हे रोप थांबत नाही. एका झाडाला निदान साडेतीन मीटर व्यासाचा हौद लागतो, खोली पाऊण मीटर पुरते. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. आंब्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या सावलीत पानं छोटी राहतात आणि फूल येतच नाही.

एवढ्या हौदात सात हजार लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे सात टन वजन. गच्चीवर हा प्रयोग करू नका. अंगणात खड्डा खणून शेततळ्याला वापरतात तो जाड प्लास्टिक कागद अंथरलात तर सगळ्यात स्वस्तात काम होतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे या मातीत पातळ सिमेंटचा हौद तडकायची भीती असते. कागद त्या हालचालीबरोबर सरकून घेतो. खड्ड्यातले दगडगोटे वेचून काढा, तळाला वाळू किंवा जुन्या गोधड्या घाला आणि मग कागद टाका. घरात लहान मूल असेल तर सभोवार जाळी लावल्याशिवाय पाणी भरू नका.

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं आणि या झाडाला ते मानवत नाही. नळाचं पाणी चालेल, फक्त दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून वापरता आलं तर त्याहून चांगलं काहीच नाही.

इतकी जागा नसेल तर मखाण्याचा विचार करा. व्हिक्टोरियाची जगातली सगळ्यात जवळची नातलग तीच. पान तसंच गोल आणि काटेरी, काठ मात्र उभे नसतात. दोन मीटरच्या हौदात ती बऱ्यापैकी राहते, आणि तिचं बीही ओलंच सांभाळावं लागतं, त्यामुळे पुढचं बरंचसं मार्गदर्शन तिलाही लागू पडतं.

बीची टोपी

आता मुख्य काम. बी वाटाण्याएवढं, काळपट हिरवं, गोलसर असतं. अंगठा आणि तर्जनीत धरून उजेडात सावकाश फिरवा. एका टोकाला बारीकशी गोल चकती दिसेल, भोवती पुसट कडा असलेली. ही बीची टोपी. कोंब इथूनच टोपी ढकलून बाहेर येतो. आपण ती थोडी सैल केली तर त्याची वाट मोकळी होते आणि सगळ्या बिया जवळपास एकाच सुमारास उगवतात.

ओल्या सुती फडक्यावर बी ठेवा, म्हणजे निसटणार नाही. धारदार टोकाच्या चाकूने किंवा नव्या ब्लेडच्या कोपऱ्याने त्या कडेत हलकेच टोचा आणि टोपी वर उचला. आत पांढरा पिठूळ भाग दिसला की हात थांबवा, त्याच्या आत टोक जाऊ देऊ नका. गर्भ टोपीला अगदी लागून असतो, तो दुखावला तर बी सडतं. हात बसेपर्यंत निम्म्या बियांनाच टोचा, बाकीच्या तशाच राहू द्या. त्या उगवतील, फक्त मागेपुढे.

बिया काचेच्या रुंद भांड्यात चार-पाच बोटं पाण्यात ठेवा. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या आणि रोज बदला. फेब्रुवारीच्या रात्री घर गार पडत असेल तर मत्स्यालयात वापरतात तो छोटा हीटर एका बादलीत लावा आणि भांडं त्या बादलीत तरंगतं ठेवा. क्रुझियानाला २५ अंश भरपूर झाले. आठवड्याभरात ते तीन आठवड्यांत कोंब फुटतात. जे बी मऊ पडलं, ज्याला वास आला, ते लगेच बाजूला काढा, नाहीतर ते बाकीच्यांनाही घेऊन बसेल.

पहिलं पान बघून निराश होऊ नका. ते पान वाटतच नाही, दोऱ्यासारखी एक बारीक सुई असते. दुसरं भाल्याच्या पात्यासारखं येतं आणि पाण्याखालीच राहतं. त्यानंतरची हळूहळू गोल होत वर येऊन तरंगतात. उभे काठ तर बऱ्याच पानांनंतर येतात.

कुंडी बदलायची घाई करा

मूळ धरलं आणि दोन पानं झाली की रोप बोटभर उंचीच्या कुंडीत लावा. निम्मी वाळू, निम्मी चाळलेली माती, खत अजिबात नको. बी मातीत अर्धंच दाबा. कोंब जिथून निघतो तो गाभा मातीवरच राहिला पाहिजे, तो गाडला गेला की रोप कुजतं. कुंडी पाण्याच्या टबात अशी ठेवा की मातीवर चार-पाच बोटं पाणी राहील, आणि पानांचे देठ लांबतील तसं पाणी वाढवत जा. टब उन्हाच्या खिडकीत हवा. उजेड कमी पडत असेल तर एलईडी दिवा चौदा तास लावून ठेवा.

इथे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं आहे. हे रोप कुंडीत अडकू देऊ नका. मुळं भोकातून डोकावली की त्याच दिवशी मोठी कुंडी. बहुतेक झाडं थोडं आखडून राहिली तरी पुढे भरून काढतात, व्हिक्टोरिया काढत नाही. लहानपणी वाढ खुंटली की पुढे हजार लिटर पाणी आणि पोतंभर खत देऊनही पान थाळीएवढंच राहतं. मुळं दिसतील तशी पाच-सहा इंची, मग दहा इंची, मग थेट हौदातली शेवटची कुंडी, असा क्रम ठेवा. बदलताना मातीचा गड्डा फोडू नका, मुळं फार नाजूक असतात.

शेवटच्या कुंडीत हात आखडता घेऊ नका. साठ लिटरचा टब म्हणजे कमीत कमी, शंभर लिटरचा मिळाला तर उत्तम. शेतातली काळी माती दोन भाग आणि नदीची वाळू एक भाग. पूर्ण कुजलेलं, मातीसारखं झालेलं शेणखत फक्त तळाला चार बोटं. ताजं शेण पाण्याखाली आंबतं आणि मुळं जाळतं. नर्सरीतलं कोकोपीटचं मिश्रण इथे निरुपयोगी, ते सगळं वर तरंगून येईल. वरून दोन बोटं जाड वाळू पसरा.

खत मात्र भरपूर लागतं. १०:२६:२६ मूठभर घेऊन ओल्या चिकणमातीच्या लिंबाएवढ्या गोळ्या करा, एक दिवस सावलीत सुकवा आणि दर पंधरा दिवसांनी तीन-चार गोळ्या गाभ्यापासून वीतभर लांब, हात कोपरापर्यंत घालून मातीत खोल दाबा. विरघळणारं खत हौदात ओतू नका. ते झाडाआधी शेवाळाला मिळतं आणि पाणी हिरवंगार होतं. हात घालताना जाड रबरी मोजे घाला. देठांना आणि पानाच्या खालच्या बाजूला तीक्ष्ण काटे असतात, बोटात मोडले तर ठणका बरेच दिवस राहतो.

हौदात सोडताना टब विटांवर चढवा, म्हणजे गाभ्यावर वीतभरच पाणी येईल. पानं पसरू लागली की एकेक वीट काढत टब खाली न्या.

ऊन, गारपीट, पाऊस

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात गारपीट होतेच. एक पाच मिनिटांची गारपीट कोवळ्या पानांची चाळणी करून जाते. त्या दिवसांत हौदावर हिरवी शेडनेट ताणायची सोय ठेवा, तीच पुढे मे महिन्यात दुपारी बारा ते चार कामाला येते. मोठी पानं ४५ अंशांचं ऊन सोसतात, पाणी खोल असलं तर. उथळ पाणी कढत होतं आणि मुळं शिजतात. मेमध्ये रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं असं धरा, या हौदात ते शंभर लिटरच्या घरात जातं. रोज थोडं थोडं, संध्याकाळी भरा. एकदम भसाभसा गार पाणी सोडू नका.

डासांसाठी गप्पी मासे सोडा. कूलरच्या पाण्यामुळे डेंग्यू कसा पसरतो हे नागपुरात कुणाला सांगायला नको, त्यामुळे मासे पहिल्या दिवसापासून हवेत. तिलापिया आणि गवत्या मासा मात्र अजिबात नको, ते मुळं उकरतात आणि कोवळी पानं खातात. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका, मासे तो खातात. पानाचे गोल तुकडे कापून त्यात लपणारी एक अळी पावसाळ्यात येते. सकाळी हातानेच वेचा. मासे असलेल्या पाण्यात कीटकनाशक चालत नाही.

पावसाळ्यात पान परातीसारखं काठ उभे करून पसरतं, तरी पाणी साचून बुडत नाही, हे जवळून बघण्यासारखं आहे. काठाला समोरासमोर दोन खाचा असतात आणि पानभर डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं, पाणी तिथून निघून जातं. पान उलटून बघितलंत तर खाली फुगीर शिरांचं जाळं दिसेल. आत हवा असते, पान तरंगतं आणि वजन पेलतं ते त्यावर. मुलांना वर बसवायचा मोह होईल. पान तेवढं भक्कम होईपर्यंत थांबा, भार सगळीकडे सारखा पसरावा म्हणून वर गोल फळी टाका आणि एक हात मुलाला धरूनच ठेवा.

फूल आणि बी

फूल दोनच रात्रींचं. पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास ते पांढरं उमलतं, अननसासारखा वास येतो, आणि बोट लावलंत तर आतून कोमट लागतं, कारण फूल स्वतः उष्णता तयार करतं. ही त्याची मादी अवस्था. सकाळी ते मिटतं आणि दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होऊन उघडतं, तेव्हा पराग मोकळा झालेला असतो. मूळ प्रदेशात या वासाने येणारे भुंगे रात्रभर आत कोंडले जातात आणि दुसऱ्या रात्री पराग अंगावर घेऊन पुढच्या पांढऱ्या फुलाकडे जातात. ते भुंगे इथे नाहीत. कधीकधी फळ आपोआप धरतं, पण त्या भरवशावर राहू नका.

गुलाबी आणि ताजं पांढरं फूल एकाच संध्याकाळी मिळालं की काम साधा. गुलाबी फुलातले केसर चिमट्याने काढून वाटीत घ्या. पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या बोटांनी अलगद बाजूला करा, मधोमध खाली एक वाटीसारखा खोलगट भाग दिसेल. पराग तिथे पडला पाहिजे. मऊ ब्रशने फिरवा आणि उरलेले केसर तिथेच सोडून द्या. एकाच झाडावर अशी जोडी क्वचित जमते, म्हणून जवळपास आणखी कुणाकडे झाड असेल तर ठरवून फुलांची देवाणघेवाण करा.

फळ धरलं की फूल पाण्याखाली जातं आणि काटेरी गोळा फुगायला लागतो. पिकायला दीड-दोन महिने लागतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला धरलेलं फळ थंडीच्या आत कसंबसं पिकतं, त्यानंतरच्या फुलांवर मेहनत घेऊ नका. फळ फुगू लागलं की त्यावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी सैलसर बांधा. फळ फुटतं तेव्हा बिया पांढऱ्या स्पंजासारख्या आवरणात वर तरंगतात आणि एक-दोन दिवसांत तळाला जातात. पिशवी नसेल तर गाळात त्या सापडणं कठीण.

बादलीभर पाण्यात चोळून आवरण काढा, पोकळ बिया वर राहतील त्या फेका. बाकीच्या काचेच्या बरणीत, स्वच्छ पाण्यात, घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथला गारठा जास्त होतो. नागपूरच्या हिवाळ्यात घराची उत्तरेकडची खोली क्रुझियानाच्या बियांना पुरेशी गार असते. पहिला महिना दर आठवड्याला पाणी बदला, पुढे पंधरा दिवसांनी.

डिसेंबरात झाड मेलं की टबातली माती उपसून बागेत टाका आणि हौद धुऊन घ्या. उरलेली मुळं, जास्तीच्या बिया किंवा रोपं अंबाझरी, फुटाळा किंवा कुठल्याही तलावात सोडू नका. अंबाझरीत जलपर्णीने काय केलं ते आपण बघितलंय, आणि जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेचीच. जास्तीच्या बिया कुणाला द्यायच्या असतील तर पाण्यासकट द्या, छोट्या बाटलीत, वर जातीचं नाव आणि बी काढल्याचा महिना लिहून.